पुण्यात राहून जुनी शिडाची बोट घेताना

बोट मुंबईत किंवा गोव्यात राहणार आणि तुम्ही शनिवार-रविवारी घाट उतरून जाणार. म्हणून दोन दिवसांत तुमच्या हातून किती देखभाल होईल, ते आधी ठरवा. माझ्या मते पहिली बोट ३० फुटांच्या आतलीच घ्यावी. लांबी थोडी वाढली तरी शिडं, दोर, रंग, सगळ्याचा खर्च भराभर चढतो.

पाण्यात तरंगणारी बोट पाहून पैसे देऊ नका, ती बाहेर काढायला लावा. फायबरच्या तळावर फोड आहेत का बघा. फोडल्यावर आंबट वासाचं पाणी आलं तर पाणी आत मुरलंय. मग प्लॅस्टिकच्या छोट्या हातोडीने डेक ठोकत चला, विशेषतः डोलकाठीच्या बुडाशी आणि स्क्रूंभोवती. टणक आवाज चांगला. बद्द आवाज आला तर आतलं लाकूड कुजलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि ती दुरुस्ती महाग पडते.

डोलकाठीला ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारांवरून फडकं फिरवा. तुटका धागा असेल तर ते अडकतं. तारांची टोकं भिंगातून तपासा. दिसायला धड असल्या तरी दहा-पंधरा वर्षांनी तारा बदलायच्याच. एक सुटली तरी डोलकाठी कोसळू शकते, इथे काटकसर नको. बोटीला पाण्याखाली मुद्दाम ठेवलेल्या प्रत्येक छिद्राचा व्हॉल्व्ह हाताने उघडबंद व्हायला हवा. व्हॉल्व्ह तुटला तर छिद्रात ठोकायला शेजारी लाकडी खुंटी बांधून ठेवा.

सामानात पहिला खर्च नांगरावर. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं. ओहोटीला खोली ४ मीटर असेल तर भरतीची किमान ८ धरा, त्यात नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची १ मिळवा. या ९ मीटरच्या सातपट, म्हणजे ६३ मीटर दोर-साखळी सोडायची. ओहोटीच्या खोलीवर हिशेब केलात तर रात्री बोट नांगरासकट घसरेल.

मेअखेर बोट जमिनीवर घ्या. बाकीचे धातूचे भाग गंजू नयेत म्हणून लावलेले जस्ताचे तुकडे निम्मे झिजले की बदला. पावसाळा सरल्यावर, पाण्यात सोडण्याआधी तळाला शंखशिंपले रोखणारा रंग द्या.

शिडं मात्र मेमध्येच पुण्याला आणा. किनाऱ्यापेक्षा इथली कोरडी हवा त्यांना मानवते. गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, उन्हाने कापड आणि शिलाई दोन्ही जातात. शिवणीवर नख ओढून पाहा. दोरा तुटला तर ती अख्खी शिवण पॉलिस्टर दोऱ्याने पुन्हा घालून घ्या.