पदवी करता करता लॉ सीईटीची तयारी: सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्यांसाठी

पुण्याचं आयएलएस किंवा मुंबईचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज डोक्यात असेल, तर बीए करू की बीकॉम यावर फार वेळ घालवू नका. तीन वर्षांच्या एलएलबीला विषयाची अट नाही. पदवीला खुल्या गटाला ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. तेवढे पडले की पुढचा खेळ राज्याच्या सीईटीचा, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षेचा. एक खाच मात्र आहे: बारावी न करता मुक्त विद्यापीठातून थेट घेतलेली पदवी बार कौन्सिलच्या (वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या) नियमात बसत नाही.

पेपर १२० प्रश्नांचा, वेळ दोन तास, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. इंग्रजी ४०, सामान्यज्ञान ३२, कायद्याचा कल (लीगल अ‍ॅप्टिट्यूड) २४, तर्क २४. आपल्याकडची मुलं स्पर्धा परीक्षेच्या सवयीने सामान्यज्ञानाच्या वह्या भरत बसतात आणि तिसरा हिस्सा गुण असलेलं इंग्रजी शेवटच्या महिन्यावर ढकलतात. ते महिन्यात येत नाही. पहिल्या वर्षापासून रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचा, त्याचा सारांश चार ओळींत लिहा आणि अडलेले शब्द वाक्यासकट उतरवा. नुसत्या शब्दांच्या याद्या टिकत नाहीत.

कायद्याच्या प्रश्नांत पाठांतरापेक्षा शिस्त लागते. समजा तत्त्व दिलंय: जमिनीला जोडलेली वस्तू जोडलेली असेपर्यंत तिची चोरी होत नाही, ती तोडली की होऊ शकते. घटना अशी: तासगावात एकजण रात्री कात्री आणि क्रेट घेऊन शेजाऱ्याच्या द्राक्षबागेत शिरला आणि पहिला घड तोडायच्या आत सापडला. चोरी झाली का? नाही. घड अजून वेलीलाच आहे. रात्र, कात्री, क्रेट पाहून ‘चोरच तो’ म्हणणारा इथे गुण घालवतो. प्रयत्नाचा गुन्हा वेगळा, पण तो विचारलेला नाही. दिलेल्या तत्त्वाबाहेरचं काही आत आणायचं नाही.

जुनी पुस्तकं जपून वापरा. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ आता १०३ झालंय. सेकंडहँड गाइडात हे सापडणार नाही. राज्यघटनेसाठी मूळ मजकूरच वाचा, मूलभूत हक्कांपासून सुरुवात करा. सुट्टीत जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर बसून उलटतपासणी ऐका. खुल्या कोर्टात सहसा कोणी अडवत नाही. ऑगस्ट २०२५ पासून सातारा-सांगलीची उच्च न्यायालयातली प्रकरणंही कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठाकडे, गेली आहेत.

तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीपासून घड्याळ लावून आठवड्याला एक सराव पेपर सोडवा. पेपरापेक्षा जास्त वेळ चुका तपासण्यात जायला हवा.

गुण असूनही जागा जाते ती कागदांपायी. डोमिसाइल आणि नॉन-क्रिमीलेअर वेळेत काढा. जात पडताळणीला महिने लागतात, तो अर्ज दुसऱ्या वर्षीच टाका. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि पदवी यांवरच्या नावाचं स्पेलिंग जुळवून घ्या. आईचं नाव किंवा आडनाव यात हमखास फरक निघतो. आणि सीईटीचा अर्ज वेगळा, ‘कॅप’ म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा अर्ज वेगळा. निकाल लागला म्हणून निवांत बसलेले दरवर्षी कॅप नोंदणी चुकवतात. पसंतीक्रम भरताना आवडीचं कॉलेज वर ठेवा. साताऱ्याचं इस्माईलसाहेब मुल्ला, सांगलीचं एन. एस. सोटी ही जवळची कॉलेजं आधाराला खाली राहू द्या.

बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूललाही तीन वर्षांची एलएलबी आहे. तिच्या प्रवेश परीक्षेत निबंध आणि लेखी उत्तरं असतात, त्यामुळे लिहायचा सराव वेगळा लागतो. शिवाय आपल्या सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवायचा नसतो. बंगळुरूला मात्र कापतात, आणि अंदाजे ठोकायची सवय तिथे अंगाशी येते.