अमेरिकेत टी व्हिसा मागताना या चुका टाळा

टी व्हिसा म्हणजे माणसांच्या तस्करीला बळी पडलेल्यांना अमेरिकेत राहू देणारा व्हिसा. अडचण 'तस्करी' या आपल्या शब्दापासूनच सुरू होते. सोनं लपवून आणणं ही तस्करी आणि माणसाला फसवून राबवणं हीही तस्करीच. म्हणून अमेरिकेत अडकलेला आपला माणूस म्हणतो, "मी कुठे चोरून आलो? विमानानं आलो, करारावर सहीही मीच केली." आणि तिथेच थांबतो. सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. माणसांच्या तस्करीविरुद्धच्या २००० सालच्या अमेरिकी कायद्याचा प्रश्न वेगळा आहे: बळजबरी, फसवणूक किंवा धाक दाखवून तुम्हाला कामाला किंवा देहविक्रयाला जुंपलं का? सरहद्द कशी ओलांडली, यावर ते ठरत नाही.

कतरिना वादळानंतर सिग्नल इंटरनॅशनल कंपनीनं मिसिसिपी आणि टेक्सासमध्ये सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर आणले. ग्रीन कार्डच्या आशेनं त्यांनी दहा-दहा हजार डॉलर आणि त्याहूनही जास्त मोजले होते. मिळाला तात्पुरता एच-२बी व्हिसा. वर छावणीतल्या गर्दीत राहण्याचे महिन्याला १,०५० डॉलर पगारातून कापले जात. कागदोपत्री सगळे रीतसर आले होते. तरी २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्युरीनं त्यांतल्या पाच जणांना १.४ कोटी डॉलर भरपाई मंजूर केली.

दुसरा गैरसमज पोलिसांच्या कागदाचा. तुम्ही पीडित आहात अशा दाखल्यावर पोलिसांनी सही दिली नाही म्हणून कित्येक जण अर्जच करत नाहीत. इतर गंभीर गुन्ह्यांच्या पीडितांसाठी असलेल्या यू व्हिसाला तशी सही लागतेच. टी व्हिसाला ती असली तर उत्तम, नसली तरी अर्ज, म्हणजे फॉर्म आय-९१४, भरता येतो. तपास यंत्रणेनं वाजवी मदत मागितली तर ती करावी लागते. अत्याचाराच्या वेळी वय १८ पेक्षा कमी असेल किंवा मानसिक आघातामुळे ते झेपत नसेल, तर त्यातूनही सूट आहे. मुदत टळली म्हणून हताश होऊ नका: अमेरिकेत आल्यापासून वर्षभरात अर्ज करण्याची अट टी व्हिसाला नाही, ती आश्रयाच्या (असायलम) अर्जाला असते. मात्र सुटका होऊन बरीच वर्षं झाली असतील, तर आजही अमेरिकेत असण्याचा त्या छळाशी काय संबंध आहे, हे नीट मांडावं लागतं.

पुरावा नाही असं म्हणण्याआधी फोन तपासा. एजंटचे व्हॉट्सअॅप मेसेज, आवाजी निरोप, पैसे पाठवल्याच्या पावत्या, दागिने किंवा शेत गहाण टाकल्याचे कागद, पगाराच्या चिठ्ठ्या यांतलं काहीही रागाच्या भरात पुसून टाकू नका. पासपोर्ट मालकाकडे असेल, तर तेच जबाबात लिहा.

आणि हो, ज्यानं आणलं त्याच्याच ओळखीच्या 'कन्सल्टंट'कडे जाऊ नका. असे लोक बनावट कहाणी रचून आश्रयाचा अर्ज ठोकून देतात. पुढे खरा जबाब त्या कहाणीशी जुळत नाही आणि खऱ्या माणसावरचाच विश्वास उडतो. अर्ज नाकारला गेला तर हद्दपारीची कारवाईही सुरू होऊ शकते, म्हणून परवानाधारक इमिग्रेशन वकील किंवा पीडितांसाठी काम करणारी मोफत कायदा-सेवा संस्थाच गाठा. १-८८८-३७३-७८८८ ही राष्ट्रीय हेल्पलाइन अहोरात्र चालू असते, तिथे दुभाषाही मिळतो.

गावी आई आजारी आहे म्हणून निघालेल्या माणसाला थांबवणं जड जातं, पण वकिलाला विचारल्याशिवाय विमानात बसू नका. अर्ज मंजूर होण्याआधी देश सोडला तर मूळ दावाच डळमळतो. मंजुरीनंतरही परतीची परवानगी आधी घ्यावी लागते. शिवाय सलग ९० दिवसांहून किंवा एकूण १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात, तर ग्रीन कार्डसाठी लागणारा ३ वर्षांचा सलग वास्तव्याचा काळ सहसा तुटतो. टी दर्जा, म्हणजे टी व्हिसावर राहण्याची परवानगी, साधारणपणे ४ वर्षांचा असतो. ग्रीन कार्डचा अर्ज त्याच्या आतच करायचा, ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

घरच्यांचं नावही वेळेत घाला. पती, पत्नी आणि मुलांना सोबत दर्जा मिळू शकतो. अर्ज करताना तुमचं वय २१ पेक्षा कमी असेल तर आईवडील आणि १८ वर्षांखालची अविवाहित भावंडंही. तुम्ही सुटल्यामुळे किंवा तक्रार केल्यामुळे एजंटची माणसं गावी दारात येऊन दमदाटी करत असतील, तर आईवडील आणि लहान भावंडांना तुमच्या वयाची ही अट आड येत नाही. म्हणून त्या धमक्यांची तारीखवार नोंद घरच्यांना आजपासूनच ठेवायला सांगा.