वाटी वर सरकली पाहिजे

कबड्डीच्या चढाईत घोटा पकडला गेला, मी अंग वळवलं आणि पाय मॅटवरच रुतून राहिला. डाव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे आत दोन हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट, तुटलं. मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी (टेंडन) घेऊन नवं लिगामेंट बसवलं. ऑपरेशननंतर फिजिओताई म्हणाल्या, "मांडी आवळ." सगळा जीव लावला, मांडी ढिम्म. त्या दिवशी मी खूप रडले.

गुडघ्यात सूज असली की मांडीच्या पुढच्या स्नायूला हुकूमच नीट पोचत नाही. म्हणून वजनं नंतर, आधी हे करा: पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्याने ती खाली दाबा. गुडघ्याची वाटी मांडीकडे सरकताना डोळ्यांना दिसली पाहिजे. पाच मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून पाच-सहादा. जमत नसेल तर आधी चांगल्या पायाने करा, हात ठेवून ते आवळणं ओळखा. मग टॉवेल टाचेखाली घ्या आणि गुडघा आपल्या वजनाने सरळ होऊ द्या. इथे कंटाळा केलात तर लंगडणं जात नाही.

पुढे पाय ताठ ठेवून वीतभर उचला. उचलताना गुडघा वाकतोय? मग पुन्हा टॉवेल.

कुबड्या सुटल्यावर, डॉक्टरांना विचारून, भिंतीला पाठ टेकून अर्धी बैठक, पाठीवर झोपून कंबर उचलणं, आणि माझा आवडता पाट. घरातल्या जेवायच्या पाटावर चढायचं, तीन मोजत उतरायचं, समोर आरसा. गुडघा आत झुकला तर ती खेप धरायची नाही. गुडघ्यातल्या गादीलाही (मेनिस्कस) टाके घातले असतील तर किती वाकायचं ते वेगळं ठरतं, सर्जनला विचारा.

जिममध्ये कुणी पाय झाडायच्या, म्हणजे बसून वजनासकट गुडघा सरळ करायच्या, मशीनवर बसवेल. घाई नको. वजन घेऊन गुडघा पार सरळ करताना शेवटच्या टप्प्यात नव्या लिगामेंटवर ताण येतो. टाच मागे ओढायचा व्यायामही माझ्यासारखी मांडीमागची दोरी काढली असेल तर उशिराच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला, तर कालचं जास्त झालं.

शिंप्याची टेप घ्या, वाटीच्या वर 10 सेंटिमीटरवर दोन्ही मांड्या मोजा. माझ्यात तीन सेंटिमीटरचा फरक होता. तिसऱ्या महिन्यात दुखत नाही म्हणून खेळावंसं वाटतं, पण तेव्हा आतलं लिगामेंट अजून कच्चंच असतं. नऊ महिने पूर्ण होऊ द्या, आणि एका पायाच्या उडीत दुखरा पाय चांगल्याच्या निदान 90 टक्के तरी भरू द्या. मी मॅटवर उतरले तेव्हा अकरावा महिना चालू होता.