डायनिंग टेबल बनवून घेताय? या चुका टाळा, आणि सुरुवात खुर्चीपासून करा

सुतार घरी आला की बोलणं टेबलापासून सुरू होतं. सहा माणसांचं हवं, पाच बाय तीन पुरेल का, वर काच की ग्रॅनाइट, कडा गोल की सरळ. खुर्च्यांचं मात्र मोबाइलवरचा एक फोटो दाखवून ‘अशा करा’ एवढ्यावर भागतं. पुढे ज्या तक्रारी येतात त्यातल्या बऱ्याचशा खुर्चीच्याच असतात: पाय लोंबकळतात, मांडी टेबलाच्या पट्टीला घासते, हाताची खुर्ची आत सरकत नाही, दोन वर्षांत कुरकुर सुरू होते. म्हणून आधी खुर्ची ठरवायची, तिच्यावरून टेबल.

खर्चाच्या बाजूनेही हाच क्रम बरोबर आहे. घनफुटाचा हिशोब सोपा असतो: लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. साडेपाच फूट लांब, ३६ इंच रुंद टॉपला रंध्यापूर्वी सव्वा इंच जाडीचं लाकूड धरलं तर १.७ घनफूट, तीन बाय तीनचे चार पाय ०.६, खालच्या पट्ट्या ०.४. एकूण २.७, आणि कापातली घट धरून साडेतीन. एका साध्या खुर्चीला घटीसकट ०.६ च्या आसपास लागतं. सहा खुर्च्यांचे झाले ३.६, म्हणजे टेबलापेक्षा किंचित जास्तच. मजुरी तर कितीतरी जास्त, कारण एका खुर्चीत टेबलापेक्षा जास्त सांधे असतात. ‘टेबलाच्या पैशात खुर्च्या होतील’ असं कोणी म्हणालं तर कुठला तरी सांधा खिळ्यावर उरकला जाणार, हे धरून चालावं.

गादी न धरता घेतलेली उंची

सर्वात जास्त होणारी चूक हीच. चौकट १८ इंचांवर बांधली, नंतर शिंप्याने तीन इंचांचा फोम चढवला आणि बैठक गेली एकवीसवर. उंची नेहमी माणूस बसल्यावर दबलेल्या गादीची मोजायची. ४० घनतेचा (घनमीटरला ४० किलो वजनाचा) दोन इंची फोम बसल्यावर अर्धा ते पाऊण इंच दबतो. बैठक १८ हवी असेल तर फळीचा वरचा भाग साधारण साडेसोळावर यायला हवा.

आणि १८ तरी का? पाच फूट ते पाच-दोन उंचीच्या माणसाची टाच अठरावर पूर्ण टेकत नाही. घरात अशी माणसं जास्त असतील तर बैठक १७ आणि टेबल २९ ठेवा. दोन्हींत ११ ते १२ इंचांचा फरक राहिला की जेवताना खांदे उचलावे लागत नाहीत.

टॉपखालच्या पट्टीकडे फारसं कोणी बघत नाही. ३० इंचांच्या टेबलाला एक इंचाचा टॉप आणि चार इंचांची पट्टी असेल तर पट्टीची खालची कड येते २५ वर, मांडीला मिळतात सात इंच. तेच टॉप दीड इंच आणि पट्टी सहा इंच केली की राहतात फक्त साडेचार, आणि त्यात मांडी शिरत नाही. हाताची खुर्ची करणार असाल तर हाताची उंची पट्टीच्या कडेपेक्षा किमान अर्धा इंच खाली हवी. नाहीतर ती खुर्ची कायम बाहेरच उभी राहील आणि येता-जाता पायाला लागेल.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट असते, जी परदेशी नकाशांत सापडत नाही: खुर्चीवर मांडी घालून जेवणारी आजी-आजोबा मंडळी. त्यांच्यासाठी एक-दोन खुर्च्या बिनहाताच्या आणि २० इंच रुंद करा. टेबलाच्या त्या बाजूची पट्टी कडेपासून चार-पाच इंच आत घ्या, म्हणजे गुडघे अडत नाहीत. उलट, गुडघेदुखी असलेल्यांना उठताना टेकायला हात लागतातच. म्हणून सगळ्या खुर्च्या एकसारख्या हव्यात हा हट्ट इथे सोडावा.

माणसं मोजली, पाय मोजले नाहीत

माणशी २४ इंच लांबी लागते, हे बहुतेकांना माहीत असतं. पण खुर्च्या बसतात त्या टेबलाच्या पायांच्या मध्ये. १९ इंचांच्या दोन खुर्च्या शेजारी ठेवायच्या तर मधली आणि कडेची जागा धरून पायांमध्ये ४६ इंच मोकळे हवेत. ६० इंचांच्या टेबलाचे तीन इंची पाय कडेपासून चार इंच आत घेतले तर बरोबर ४६ उरतात. डिझाइनच्या नादात सहा इंच आत घेतले की ४२, आणि खुर्च्यांचे कोपरे एकमेकांवर आपटू लागतात. जागा असेल तर सहा जणांसाठी ६० ऐवजी ६६ इंच घ्या, म्हणजे टोकाला बसणाऱ्याचे गुडघे शेजारच्याला लागत नाहीत.

रुंदी तीसवर आणून जागा वाचवणं दिसायला शहाणपणाचं वाटतं. पण समोरासमोर दोन ताटं आणि त्यांच्या शेजारी वाट्या-पेले मांडले की वरण-भाताच्या पातेल्यांना जागाच उरत नाही. चार जणांना तीस चालतं, सहा जणांना ३६ हवेत.

खोलीत टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत ३० इंच ही किमान मर्यादा आहे, आणि तीही मागून कोणी जाणार नसेल तर. स्वयंपाकघराकडे जायची वाट तिथूनच असेल तर ४२ धरा. जमिनीवर टेबलाच्या मापाची वर्तमानपत्रं चिकटपट्टीने जोडून पसरा, घरातल्याच खुर्च्या भोवती मांडा, त्यावर माणसं बसवा आणि फ्रिजचं दार उघडून बघा. जागा कमी पडली तर भिंतीच्या बाजूला बाक करा. त्याला भिंतीपर्यंत २० इंच पुरतात. बाकाची लांबी टेबलाच्या पायांमधल्या अंतरापेक्षा दोन इंच कमी ठेवा, म्हणजे तो आत सरकतो.

‘सागवान’ एवढंच लिहिलेलं कोटेशन

सागाचा गाभा टिकतो, पण त्याच्या कडेचं फिकट, पांढरट लाकूड किडा पोखरतो. रंग लावून पॉलिश केलं की दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून पॉलिशच्या आधी, सगळे भाग कापून झाल्यावर एकदा कारखान्यात जाऊन या. पांढरी कड दिसली तर ती खालच्या बाजूला, तीही अगदी थोडीच चालवून घ्या. रबरवुड घेताय तर त्यावर कीडरोधक प्रक्रिया झाली आहे का ते विचाराच. नंतर खुर्चीखाली पिठासारखी भुकटी दिसली तर ती किडीची खूण असते, धूळ समजून पुसून टाकू नका.

कोटेशनमध्ये लाकडाचं नाव, प्रत्येक भागाची तयार जाडी, सांध्याचा प्रकार, पॉलिशचा प्रकार आणि हात किती, फोमची घनता, हे सगळं लिहून घ्या. लाकूड वाळवलेलं आहे असं नुसतं तोंडी ऐकू नका, समोर ओलावा मोजायचं मीटर लावून घ्या. घरातल्या फर्निचरला ८ ते १२ टक्के ओलावा ठीक असतो. कोकणात पावसाळ्यात बनवलेलं टेबल मे महिन्यात नागपूरच्या घरात जाणार असेल तर हा आकडा आणखी महत्त्वाचा.

टॉप का फाटतो

लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. ओलावा चार टक्क्यांनी इकडे-तिकडे झाला तर तीन फुटी सागाचा टॉप फळ्यांच्या कापानुसार चार ते सात मिलिमीटर हलतो. त्याला हलू द्यायचं की नाही हा प्रश्नच नाही, तो हलणारच. तरीही टॉप फ्रेमला फेव्हिकॉल लावून स्क्रूने जखडला जातो, आणि उन्हाळ्यात लाकडाच्या रेषेला धरून चीर पडते. चीर मधोमध असेल तर कारण बहुधा हेच. खालचे स्क्रू काढून फ्रेमला आडवी लंबगोल भोकं करून घ्या, किंवा फ्रेमच्या आत खाच पाडून त्यात सरकणारे लाकडी गुटके बसवा.

चारही बाजूंनी चौकट आणि मध्ये भरीव फळ्या चिकटवलेला टॉप दिसतो छान, पण चौकटीचे तिरके कोपरे पहिल्या वर्षातच उघडतात. असं डिझाइन हवंच असेल तर मध्ये प्लायवर व्हेनिअर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, घ्या. प्लाय फारसा हलत नाही. मात्र प्लायच्या फक्त वरच्या बाजूला लॅमिनेट लावून खाली कोरं सोडलं तर तो वाकतो. खालीही बॅलन्सिंग लॅमिनेट लागतं. भरीव लाकडालाही हाच नियम, वर पॉलिशचे जितके हात तितकेच खाली. टॉप परातीसारखा वर उचलला गेला असेल तर आधी वाकून खालची बाजू बघा.

दगड आणि काच यांचं थोडक्यात. १८ मिमी ग्रॅनाइटचा साडेपाच बाय तीनचा टॉप सत्तर किलोंच्या पुढे जातो, तेव्हा फ्रेमला मधला आडवा आधार लागतोच. संगमरवरावर लिंबू, आमसूल, चिंच सांडली की चमक जाते, आणि ते डाग पुसून निघत नाहीत. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणून फ्रेम तयार झाल्यावरच तिचं माप द्या.

पॉलिश

भर पावसात मेलामाइन (फवारून मारायचं चकचकीत पॉलिश) मारलं की वर पांढरट धुकं येतं. दोन-तीन कोरडे दिवस मिळेपर्यंत थांबलेलं बरं. लाखेचं पॉलिश सुंदर दिसतं, पण त्यावर गरम भांड्याचं पांढरं वर्तुळ उठतं आणि सॅनिटायझर सांडला तर ते विरघळतं. रोजच्या टेबलाला दोन घटकांचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिश, बरं. तेही हाताला कोरडं लागलं म्हणून लगेच प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आठवडाभर उघडं राहू द्या. पांढऱ्या पीयूवर हळदीचा डाग बसतोच. उन्हात तो बराच फिका होतो, घासून मात्र चमक जाते.

एक खुर्ची आधी

फर्म्यावरून सहाही खुर्च्यांचे मागचे पाय एकदम कापले की चूक सहापट होते. एकच खुर्ची पॉलिशविना पूर्ण करून घ्या. ठरलेल्या उंचीच्या टेबलाशी घरातल्या सर्वात उंच आणि सर्वात बुटक्या माणसाने तिच्यावर अर्धा तास बसावं. बैठकीची खोली (पुढच्या कडेपासून पाठीपर्यंत) १६ ते १७ इंच, मागच्या बाजूला अर्धा इंच उतार, पाठ थोडी कललेली, हे सगळं बसल्यावरच कळतं. खोली जास्त झाली तर पाठ टेकेपर्यंत गुडघ्यामागे कड रुतते.

सांधा बघायचा तो बैठकीची बाजूची पट्टी मागच्या पायाला मिळते तिथला. माणूस मागे रेलतो तेव्हा सगळा भार त्याच जागी येतो. पट्टी किमान अडीच इंच उंच, तिचं कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, पायात इंचभर आत गेलेलं, आणि आतल्या चारही कोपऱ्यांत स्क्रूने बसवलेले ठोकळे हवेत. फक्त डॉवेल (गोल लाकडी खुंट्या) आणि गोंदावरची खुर्ची लवकर सैल होते.

कापड घेताना ५४ इंची पन्ह्याचं सव्वा दोन मीटर सहा बैठकींना पुरतं. त्याच वेळी मीटरभर जास्त घ्या, कारण पुढच्या वर्षी तोच रंग मिळत नाही.

कुरकुर आणि डुगडुग

कुरकुरणाऱ्या खुर्चीला खिळा ठोकू नका. लाकूड फुटतं आणि सांधा पुन्हा उघडता येत नाही. सांधा सोडवा, जुना गोंद खरवडून लाकूड उघडं करा, कारण सुकलेल्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. मग गोंद लावून क्लॅम्प आवळा आणि चोवीस तास कोणी बसू नका.

टेबल किंवा खुर्ची डुगडुगत असेल तर पाय कापायच्या आधी ती जागच्या जागी पाव फेरा फिरवा. आधी जो पाय उचलला जात होता तोच पाय अजूनही उचलला जात असेल तर दोष फर्निचरचा. दुसरा पाय उचलला गेला तर दोष फरशीचा, आणि तेव्हा पायाखाली उंची कमी-जास्त करणारे बुश लावायचे, करवत नाही.