सबडोमेनवर मेल सुरू करण्याआधीची तयारी

मूळ डोमेनवर मेल नीट चालतोय म्हणजे सबडोमेनवरही (मूळ नावापुढे आणखी एक शब्द जोडून केलेल्या नावावर) आपोआप चालेल, हा समज आधी डोक्यातून काढा. एमएक्स, म्हणजे मेल कोणत्या सर्व्हरवर पोचवायचा ते सांगणारा रेकॉर्ड, मूळ डोमेनवरून खाली उतरत नाही. एसपीएफ, म्हणजे त्या नावाने मेल कोण पाठवू शकतो त्याची यादी, तीही नाही. उतरतं ते फक्त डीमार्क (तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारा रेकॉर्ड), आणि तेच नेमकं अडचणीत आणतं. म्हणून रेकॉर्ड बदलायचं पॅनल उघडण्याआधी कागद घ्या. प्रत्येक सबडोमेनपुढे लिहा: इथे मेल येणार का, इथून जाणार का, कोणत्या सर्व्हरवरून. दोन्ही नसेल तर तेही लिहा, त्याचीही सोय करायची आहे.

मग डीएनएस, म्हणजे नावांचे हे सगळे रेकॉर्ड ठेवणारी व्यवस्था, खरंच कुणाच्या हातात आहे ते पाहा: ‘डिग’ या कमांडने एनएस रेकॉर्ड (नेमसर्व्हर कोणते ते सांगणारा) काढा. डोमेन घेतलं एकीकडे आणि नेमसर्व्हर दुसरीकडे, हे नेहमीचंच. चुकीच्या पॅनलमध्ये तासभर केलेले बदल जगाला कधी दिसतच नाहीत. जुन्या रेकॉर्डचा टीटीएल (तो किती सेकंद साठवून ठेवायचा तो आकडा) ८६४०० असेल तर बदलाच्या किमान एक दिवस आधी तो ३०० वर आणा. नवीन नाव तयार करायच्या आधी ते शोधत बसू नका. ‘असं नाव नाही’ हे उत्तरही रिझॉल्व्हर (आपल्या वतीने नावं शोधणारा सर्व्हर) काही काळ धरून ठेवतो.

सगळ्यात जास्त वेळ सीनेमवर, म्हणजे एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या रेकॉर्डवर घाला. ज्या नावाला सीनेम आहे त्याला दुसरा रेकॉर्ड चालत नाही, एमएक्ससुद्धा नाही. एका पतसंस्थेच्या कामात मी हे अनुभवलंय. पावत्यांच्या सबडोमेनवर वेबसाइटवाल्यांनी सीनेम मागितला, पॅनल आधीचा एमएक्स ठेवू देईना, म्हणून कुणीतरी तो काढून टाकला. पान उत्तम उघडत होतं. पण सभासदांची उत्तरं सीनेमच्या मागे मागे वेबसाइटच्या सर्व्हरवर जात होती आणि तिथून परत फिरत होती. तेव्हापासून मेलचं नाव आणि वेबचं नाव मी वेगळंच ठेवतो.

एमएक्समध्ये आयपी लिहू नका, सीनेम असलेलं नावही नको. ज्याला स्वतःचा ए रेकॉर्ड (नावाचा आयपी पत्ता सांगणारा) आहे असंच नाव हवं. एमएक्सच्या प्राधान्याचा छोटा आकडा आधी. झोन फाइल (डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डची फाइल) हाताने लिहीत असाल तर नावाच्या शेवटचा टिंब पाहा. तो राहिला की मूळ डोमेन पुन्हा जोडलं जातं आणि ‘मेल.संस्था.इन.संस्था.इन’ असं कुठेच नसलेलं नाव तयार होतं.

आता क्रम. आधी सर्व्हरला सबडोमेन ओळखायला शिकवा, मगच एमएक्स लावा. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये ते मायडेस्टिनेशन या सेटिंगमध्ये असावं किंवा व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्समध्ये, दोन्हीकडे कधीच नाही. क्रम उलटला तर सर्व्हर ५५४ हा कोड देऊन मेल नाकारू शकतो आणि हा नकार कायमचा असतो. सर्व्हर बंद असता तर पाठवणाऱ्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला असता, बहुधा काही दिवस. नकार मिळाला की मेल तिथल्या तिथे परत.

मेल पाठवायचा असेल तर सबडोमेनचा स्वतःचा एसपीएफ लिहा, एकच. दोन झाले की दोन्ही निकामी. त्यात डीएनएसची विचारणा करायला लावणारे उल्लेख, आतल्या इन्क्लूडसकट (दुसऱ्याचा एसपीएफ ओढून घेणारे उल्लेख), दहाच्या वर जाऊ देऊ नका. डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) २०४८ बिटांची किल्ली एका तुकड्यात मावत नाही, मर्यादा २५५ अक्षरांची आहे. पॅनल स्वतः तुकडे करतं का ते आधी पाहा. सर्व्हर स्वतःचा असेल तर आयपीचा उलटा रेकॉर्ड (आयपीवरून नाव सांगणारा) आयपी देणाऱ्याकडूनच करून घ्यावा लागतो, त्याचा अर्ज आजच टाका.

आणि डीमार्क. मूळ डोमेनवर ‘रिजेक्ट’ (नापास मेल नाकारा) असेल आणि सबडोमेनसाठी वेगळं काही लिहिलं नसेल, तर पहिल्या दिवसापासून तीच कडक शिस्त लागू होते. नव्या सबडोमेनला स्वतःचा डीमार्क रेकॉर्ड द्या, सुरुवातीला ‘नन’ (none, म्हणजे कारवाई नको) ठेवा आणि अहवाल वाचा.

ज्या सबडोमेनचा मेलशी संबंधच नाही, त्याला शून्य आणि नुसता टिंब असा रिकामा एमएक्स द्या, एसपीएफमध्ये फक्त ‘वजा ऑल’ (-all, म्हणजे कुणालाच परवानगी नाही). एमएक्स नसेल तर पाठवणारे ए रेकॉर्डवर मेल टाकायला जातात, हे पुष्कळांना माहीत नसतं.

शेवटी बाहेरच्या जीमेल खात्यावर मेल पाठवा, ‘शो ओरिजिनल’ उघडा, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींपुढे ‘पास’ दिसतंय का पाहा. त्याच मेलला उत्तर द्या आणि ते पोचू द्या. दोन दिवस शांततेत गेले की टीटीएल परत वाढवा.