पगार थकला, ओटी (जादा कामाचे पैसे) बुडाली? या चुका टाळा

महिन्याच्या दहा तारखेला वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर उभे राहा. "पगार झाला का रं?" आणि "ओटी लावली का?" हे दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. "तुझ्याकडं पुरावा काय?" हे मात्र कोणीच विचारत नाही. पुरावा न ठेवणं ही पहिली चूक, आणि पैसे बहुतेक वेळा तिथंच बुडतात.

पगार दिला, हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्यानं मालकावर टाकली आहे. पण तुम्ही एखाद्या रात्री 12 तास मशीनवर उभे होतात, हे आधी तुम्हालाच दाखवावं लागतं. मी एका छोट्या युनिटमध्ये होतो तेव्हा दोन मस्टर (हजेरीची रजिस्टरं) असायचे, एक तपासणीवाल्यांसाठी आणि एक खरं. तीन महिन्यांची ओटी मागायला गेलो आणि खरं मस्टर "सापडेना". तेव्हापासून सांगत आलोय, खिशात दहा रुपयांची वही ठेवा. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, सुपरवायझरचं नाव, रोजच्या रोज. सुपरवायझरचा "आज थांबावं लागंल" हा व्हॉट्सॲप मेसेज जपा, फोन बदलताना सगळ्यात आधी तोच जातो. पगार रोखीनं घेत असाल तर पगारपत्रक मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

दुसरी चूक हिशोबाची. "आपल्याकडं ओटी सिंगलच असते" हे ऐकून माणसं गप्प बसतात. जादा तासाला नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट पैसे द्यावे लागतात. महिना 15,600 रुपये, 26 दिवस, 8 तास धरले तर तासाला 75 रुपये होतात आणि ओटीचा दर 150. महिन्यात 40 तास जादा भरले तर 6,000 मिळायला हवेत. सिंगल दरानं हातात पडतात 3,000. ओटीचा दर कमी बसावा म्हणून बेसिक, म्हणजे मूळ पगार, मुद्दाम कमी दाखवून बाकी रक्कम भत्त्यांत टाकण्याची युक्तीही जुनी आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत, म्हणजे पगाराच्या नव्या कायद्यात, वेतनातून वगळलेले भत्ते एकूण रकमेच्या निम्म्यापेक्षा जास्त असले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो.

तिसरी, रागानं काम सोडणं. गावाकडं पेरणी आली, साहेबाशी वाजलं, माणूस सांगून न सांगून निघून जातो. मग मालक म्हणतो, हा तर पळाला. चार ओळींचा राजीनामा लिहा आणि पोच घ्या, ईमेल असला तरी चालतो. राजीनामा दिला किंवा कामावरून काढलं, तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशोब चुकता करायचा असतो. चालू नोकरीत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत यायला हवा.

"सगळे पैसे मिळाले" असं छापलेल्या कागदावर, पैसे हातात नसताना, सही करू नका. केली असेल तरी घाबरू नका. हक्काची रक्कम सोडून देणारा करार कायद्यात रद्दबातल ठरतो.

ठेकेदाराची माणसं तर लवकर हार मानतात, कारण ठेकेदाराचा फोनच लागत नाही. ठेकेदारानं पैसे दिले नाहीत तर ज्या कंपनीत तुम्ही राबलात तिची जबाबदारी राहते. दाव्याच्या अर्जात दोघांचीही नावं घाला.

बरेच जण आधी पोलीस ठाण्यात जातात आणि दोन दिवस वाया घालवून परत येतात. जायचं कामगार खात्याच्या कार्यालयात. छत्रपती संभाजीनगरला कामगार उपायुक्तांचं कार्यालय आहे. दावा मंजूर झाला तर थकीत रकमेच्या वर दहापटीपर्यंत भरपाईही मिळू शकते. ती प्रत्येकाला मिळतेच असं नाही, त्या आशेवर कर्ज काढू नका.

मुदतीचं भान ठेवा. आता दाव्याला 3 वर्षं आहेत. आधी वेतन प्रदान कायद्यात 12 महिने आणि किमान वेतन कायद्यात फक्त 6 महिने होते, त्यामुळं संहितेआधीची थकबाकी असेल तर आणखी वाट बघत बसू नका. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगाराला तिथं मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जाताना ती वही सोबत न्या.