घरातल्या विश्वास नसलेल्या माणसासाठी प्रार्थना कशी चालू ठेवावी

मुलाने संडे स्कूलमध्ये वचनं पाठ म्हणून बक्षिसं आणली, वेळेवर दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी) झालं आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून तो रविवारी उठेनासा झाला. नवरा दर रविवारी चर्चच्या फाटकापर्यंत स्कूटरवर सोडतो, ‘तासाभराने येतो’ म्हणतो आणि आत पाऊल टाकत नाही. किंवा घरात तुम्ही एकट्याच विश्वासात आलात आणि माहेरी तो विषय निघाला की आई उठून स्वयंपाकघरात जाते.

अशा माणसासाठी प्रार्थना सुरू करायला कुणी शिकवावं लागत नाही. सुरुवातीला जोर असतो, उपवास होतात, डोळ्यांत पाणी येतं. मग काहीच घडत नाही. नाव हळूहळू मागे पडतं आणि शेवटी ‘आमच्या सर्व नातेवाइकांना आशीर्वाद दे’ एवढ्यात सामावून जातं. पुढचं सगळं लिहिलंय ते त्या टप्प्यावर आलेल्यांसाठी.

१. नावं थोडी घ्या आणि लिहून ठेवा

रोजच्या प्रार्थनेसाठी दोन-तीन नावं पुरेत, फार तर पाच. यादी मोठी झाली की माणसं दिसेनाशी होतात, नुसती हजेरी उरते. बाकीच्यांसाठी आठवड्याचा एखादा वार ठरवा.

ब्रिस्टलमध्ये अनाथालयं चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांनी नोव्हेंबर १८४४ मध्ये पाच जणांसाठी रोज प्रार्थना करायला सुरुवात केली. पहिला माणूस दीड वर्षाने विश्वासात आला, दुसरा त्यानंतर पाच वर्षांनी, तिसरा आणखी सहा वर्षांनी. तब्बल ३६ वर्षांनंतर म्यूलर हे सांगत होते तेव्हाही उरलेले दोघे तसेच होते आणि ते त्यांची नावं रोज घेतच होते. प्रवचनात ही गोष्ट पहिल्या तिघांसाठी सांगतात. मला त्या दोघांचं जास्त महत्त्व वाटतं.

साधी शाळेची वही घ्या. एका पानावर एकच नाव. खाली तारीख आणि त्या आठवड्यात त्या माणसाचं काय चाललंय ते एका ओळीत: ‘रात्रपाळी लागली, झोप नाही.’ ‘घरमालकाने खोली सोडायला सांगितली.’ ‘वडिलांशी पुन्हा बोलणं बंद.’ त्याच्या झोपेसाठी, खोलीसाठी, पाठदुखीसाठीही प्रार्थना करा. जो माणूस तुमच्या प्रार्थनेत फक्त ‘तारण न झालेला’ म्हणून येतो, त्याच्याशी फोनवरही तुम्ही तसंच बोलू लागता आणि ते त्याला लगेच कळतं. वही मात्र कपाटात ठेवा. जेवणाच्या टेबलावर ती कुणी उघडून वाचावी असं होऊ देऊ नका.

२. नेमकं काय मागायचं ते ठरवा

बहुतेकांची प्रार्थना इथेच अडते. ‘प्रभू, त्याला तुझ्याकडे आण’ हे वाक्य शंभर वेळा म्हटल्यावर आपल्यालाच ऐकू येईनासं होतं. पवित्र शास्त्रात याच मागणीची कितीतरी वेगवेगळी रूपं आहेत, ती एकेक करून घ्या. यहेज्केल ३६:२६ मधलं दगडाचं हृदय काढून मांसाचं हृदय देण्याचं अभिवचन. प्रेषितांची कृत्ये १६:१४ मध्ये प्रभूने लुदियेचं अंतःकरण उघडलं, पौलाने नव्हे, ते. मत्तय ९:३८ मधले पिकासाठी कामकरी: तुमचं ऐकायला तयार नसलेल्या मुलाला ऐकावासा वाटेल असा कुणी मित्र, शिक्षक, सहकारी भेटू दे. ही शेवटची मागणी फार थोडे करतात. आपल्या हातूनच व्हावं अशी आपली इच्छा असते ना!

सोमवारी एक, मंगळवारी दुसरी, अशी विभागणी केली तर आठवडाभर जीभ कोरडी पडत नाही. शब्द सुचत नसतील तर एवढं म्हणा: ‘हे स्वर्गीय पित्या, आज मी अमुकला तुझ्यापुढे आणते. मला तो दिसतो त्याहून तुला जास्त माहीत आहे. आज त्याच्या मनात तुझ्याविषयी एक तरी खरा प्रश्न उठू दे. त्याचं उत्तर द्यायला योग्य माणूस पाठव, आणि मी त्याच्या वाटेत अडथळा होऊ नये म्हणून माझ्या तोंडाला आवर घाल. येशूच्या नावाने मागते. आमेन.’

मात्र काय मागतो आणि ते कसं घडावं असं आपल्याला वाटतं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. संत मोनिका यांची हकिकत त्यासाठी नीट वाचावी. उत्तर आफ्रिकेतली ही बाई. तिचा मुलगा ऑगस्टीन एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास मानी पंथात (प्रकाश आणि अंधार अशा दोन शक्ती मानणाऱ्या एका जुन्या पंथात) गेला आणि आईच्या श्रद्धेला हसू लागला. पुढे, इ. स. ३८३ च्या सुमारास, त्याने कार्थेज सोडून रोमला जायचं ठरवलं. रोमला गेला तर पोर कायमचं हातचं जाईल म्हणून ती त्याच्या मागेमागे किनाऱ्यापर्यंत गेली. मित्राला निरोप द्यायचा आहे असं खोटं सांगून त्याने तिला जवळच्या संत सिप्रियन यांच्या स्मारकात रात्र काढायला लावली. ती रात्रभर तो जाऊ नये म्हणून रडून प्रार्थना करत राहिली. सकाळी पाहते तो गलबत निघून गेलेलं.

त्या रात्रीच्या प्रार्थनेला सरळ नकार मिळाला. पण रोमहून ऑगस्टीन मिलानला गेला, तिथे बिशप अँब्रोस यांची प्रवचनं त्याच्या कानावर पडली, ३८६ मध्ये तो वळला आणि ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. आई तोवर मिलानला पोचली होती. ऑगस्टीन स्वतः पुढे लिहितो की तिने त्या रात्री मागितलेलं देवाने दिलं नाही, ते तिने नेहमी मागितलेलं देण्यासाठी. तुमच्या वहीत ‘त्याने ही नोकरी घेऊ नये’, ‘तिने त्या मुलाशी लग्न करू नये’ अशा ओळी असतील तर असू द्या, पण पेन्सिलने.

३. वेळ लहान आणि जागा ठरलेली

रोज अर्धा तास करीन असा नवस बोलू नका. दहा मिनिटं पुष्कळ. ती आधीच रोज होणाऱ्या एखाद्या कामाला जोडा: सकाळचा पहिला चहा, कामावर जातानाची लोकल, रात्री दाराला कडी घालण्याआधी. कॅथोलिक असाल तर जपमाळेचं एक दशक, म्हणजे दहा मण्यांचा एक भाग, त्या नावासाठी राखून ठेवा. कंटाळलेल्या मनाला माळेचे मणी फार आधार देतात, हे प्रोटेस्टंट असूनही मी कबूल करते.

दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, सरळ पुढे चला. काहीच बोलवत नसेल तेव्हा स्तोत्र १३ मोठ्याने वाचा. ‘किती वेळ?’ हाच त्यातला प्रश्न आहे आणि तो विचारायला देवाच्या वचनातच जागा ठेवलेली आहे. उपवास करणार असाल तर मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि ज्याच्यासाठी उपवास आहे त्याला तो कळता कामा नये. ‘तुझ्यासाठी मी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही’ असं म्हटलं की उपवासाचं ओझं त्याच्या डोक्यावर गेलं.

४. प्रार्थना देवाला ऐकवा, घराला नको

रात्रीचं जेवण वाढलेलं आहे. सगळे हात जोडून बसलेत. आई डोळे मिटून सुरू करते: ‘प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार. आणि या घरात जे तुला विसरले आहेत, ज्यांना पैशाचा गर्व झाला आहे...’ समोरचा मुलगा डोळे उघडे ठेवून भाताकडे बघतोय. त्याची धाकटी बहीण टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावते. वरण निवतं. ही प्रार्थना झाली नाही, देवाला मध्ये घालून दिलेलं बोलणं झालं. जेवणाआधी अन्नाचे आभार माना आणि वाढा.

१ पेत्र ३:१-२ मध्ये विश्वास नसलेल्या नवऱ्याच्या बायकोला सांगितलं आहे की तो शब्दावाचून, तुझं वागणं पाहून जिंकला जाईल. तेव्हा पहाटे सहाला व्हॉट्सॲपवर वचनांची चित्रं पाठवणं थांबवा. पास्टरसाहेबांना ‘सहज चहाला’ बोलावून मुलाला त्यांच्यासमोर बसवणं थांबवा. मोनिकानेही हा प्रयत्न केला होता. एका बिशपांना तिने गळ घातली की माझ्या मुलाशी बोला, त्याच्या चुका दाखवा. ते स्वतः लहानपणी मानी पंथातच वाढले होते आणि वाचता वाचता बाहेर पडले होते. त्यांनी साफ नकार दिला: तो अजून शिकायच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू दे, फक्त त्याच्यासाठी प्रभूकडे प्रार्थना कर. ती हटेना, तेव्हा काहीसे वैतागून म्हणाले, जा, इतक्या आसवांचा मुलगा नाश पावणं शक्य नाही.

आजारपणात तर फारच जपा. दवाखान्याच्या खाटेवर सलाईन लावलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. ‘इथे तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ एवढंच विचारा. नको म्हणाला तर बाहेरच्या बाकावर बसून करा.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात मोडला. काही वर्षांनी त्या परत आल्या त्या आपलं सोवळं-ओवळं घेऊनच, आणि ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याच्या घरात त्याला जागा मिळाली. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली, स्वतःच्या विचाराने. आपल्या आठवणींत त्यांनी हे सगळं लिहिलंय. त्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला काय वाटतं हे समजून घ्यायचं असेल तर त्यांच्याइतकं रोखठोक दुसरं कुणी मला ठाऊक नाही.

५. सोबती निवडून घ्या

एक किंवा दोन माणसं, तोंडाची घट्ट. भगिनी सभेत ‘प्रार्थनाविषय’ म्हणून मुलाचं दारू पिणं, सुनेचं भांडण, सगळं तपशिलाने सांगितलं जातं आणि पुढच्या रविवारी चर्चच्या आवारात चार बायका त्याच्याकडे वळून बघतात. मंडळीत फक्त नाव द्या, तेही त्याला चालणार असेल तर. नाही तर ‘माझ्या घरातली एक व्यक्ती’ म्हटलं तरी देवाला पत्ता लागतो.

६. ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असं कुणी म्हटलं तर

म्हणणारे भेटतात, कधी व्यासपीठावरूनही. त्यांना योहान ७:५ दाखवा: प्रत्यक्ष येशूच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. त्याच्या प्रार्थनेत काय कमी होतं? तेच भाऊ प्रेषितांची कृत्ये १:१४ मध्ये माडीवरच्या खोलीत इतरांबरोबर प्रार्थना करताना दिसतात. मधे काय काय व्हावं लागलं ते आपल्याला माहीत आहे: क्रूस आणि पुनरुत्थान.

लूक १८ मधली, न्यायासाठी न्यायाधीशाच्या सतत मागे लागणारी विधवा सगळ्यांना पाठ असते, पण तिच्यावरून देवालाही सतत मागे लागून जेरीस आणावं लागतं असा अर्थ काढू नये. तो न्यायाधीश अन्यायी होता आणि देव तसा नाही, यावरच त्या दाखल्याचा भर आहे. दुसरीकडे, मार्क १० मधला श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली होती, तरी त्याला हात धरून थांबवलं नाही. माणसाला नाही म्हणता येतं. त्यामुळे अमुक दिवस प्रार्थना केली की अमुक होणारच, अशी हमी देणाऱ्या पत्रकांपासून दूर राहा.

७. आणि एखाद्या रविवारी तो उठला तर

कपडे करून दारात उभा राहिला आणि म्हणाला, ‘चल, आज येतो मीपण’, तर ‘बरं’ म्हणा आणि चपला घाला. मागच्या बाकावर बसा. उपासना संपल्यावर पाळकांना हळूच सांगून ठेवा की त्याला पुढे बोलावू नका, साक्ष द्यायला उभं करू नका, युवक संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा नंबर टाकू नका. परतताना प्रवचन कसं वाटलं असं विचारू नका. त्याने काही विचारलं तर विचारलं तेवढंच उत्तर द्या, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. वही दाखवायची घाई करू नका. तुमच्या इतक्या वर्षांच्या प्रार्थनेचे आभार मानायचं काम त्याच्यावर टाकू नये. पुढच्या रविवारी तो नाही उठला, तर त्या पानावर तारीख घालून पुन्हा एक ओळ लिहा.